ॲशलीला शहर दाखवणारा माणूस

ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. पण हे घडलंय.

गेल्या नोव्हेंबरात. डोंगरी गावात, सेलीनच्या घराच्या ओट्यावर. रविवारची तिन्हीसांज. चर्चची घंटा नुकतीच वाजून गेली होती.

आणि फोन आला.

व्हिडिओ कॉल. ॲशलीचा.

ॲशली सेलीनची एकुलती एक मुलगी. क्रूझवर पहिलीच नोकरी. जहाज पकडायला कंपनीने तिला विमानाने पनामा सिटीला पाठवलं होतं, पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. जहाज उद्या लागणार होतं. आजचा दिवस मोकळा.

"मम्मी, बघ ना! इकडे आत्ता सकाळ झालीये."

फोनवर कोवळं ऊन. विटांचे रस्ते, फुलांनी लगडलेल्या गॅलऱ्या, दोन पांढऱ्या मनोऱ्यांचं मोठं चर्च.

"त्या मनोऱ्यांवर काय जडवलंय माहितीये? शिंपले!"

पुढे समुद्र. पलीकडे काचेचे उंच उंच टॉवर. आणि लांबवर, कालव्यात शिरायला ताटकळलेली जहाजं.

सेलीन हरखून गेली. "एकटीच फिरतेस? रस्ता चुकलीस म्हंजे?"

"एकटी कुठे? अंकल आहेत ना. हॉटेलच्या गेटवर भेटले. म्हणाले, 'डोंगरीची हायस ना?' आपली भाषा, मम्मी! खूप वर्षं इकडेच आहेत. सगळं दाखवतायत. कुठल्या गल्लीत जायचं नाही तेपण सांगितलं. दुपारी पाऊस येतो, छत्री घे म्हणाले."

"देव भलं करो त्याचं. दाखव की मला."

ॲशलीने फोन वळवला.

रस्ता...

रिकामा.

विटांवर एकच लांब सावली पडली होती. ॲशलीची.

"दिसले?"

नेटवर्कचा घोळ असेल... उन्हाने दिसलं नसेल...

ॲशली मात्र त्या अंकलशी बोलत होती. मध्येच गप्प व्हायची. मग हसायची.

समोरचा माणूस एखादं वाक्य बोलेल, तेवढाच वेळ ती गप्प असायची.

आणि तेवढ्या वेळात सेलीनला ऐकू यायच्या... फक्त लाटा.

"मम्मी, अंकल विचारतायत, घरामागची विहीर हाय का अजून?"

सेलीनने फोन डोळ्यांजवळ धरला.

ॲशली चालायला लागायच्या आधीच ती विहीर बुजवली होती. घरात तिचा विषयही निघत नसे. लहानपणी सेलीन त्या विहिरीत पडली होती. उडी टाकून तिला वर काढलं ते थोरल्या भावाने. डॉमनिकने.

डॉमनिक बोटीवर खलाशी होता. ॲशली पाळण्यात असताना तो याच शहरात उतरला... आणि बोटीवर परतलाच नाही. ना प्रेत मिळालं, ना निरोप. सेलीनच्या आईने त्याचा फोटो भिंतीवरून उतरवून पेटीत ठेवला. ॲशलीने मामाला कधी पाहिलंच नव्हतं, त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

"नाव विचार त्यांचं."

ॲशली गप्प झाली. या वेळी बराच वेळ.

"नाव नाही सांगत. म्हणतायत, चल, अजून एक जागा दाखवतो. खाली, पाण्यापाशी. ते राहतात तिथे."

"न्हाय!" सेलीन ताडकन उठली. "ॲशली, एक पाऊल पुढं टाकू नको! डॉमनिक, माझी एकच पोर हाय रं. सोड तिला!"

लाटांचा आवाजही थांबला.

"मम्मी..." ॲशली पुटपुटली. "काय बोललीस तू? अंकल खाली बसले. रडतायत."

फोन कट झाला.

सेलीन लावत राहिली. लागला तेव्हा बाहेर पूर्ण अंधार पडला होता. ॲशली चर्चमध्ये बसली होती, सुखरूप. अंकल पायरीपर्यंत सोडून गेले, एक शब्द न बोलता.

"डॉमनिक कोण गं, मम्मी?"

"घरी आलीस की सांगीन."

परक्या मुलखात एकटी पोर. तिला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सेलीनने फादरना सांगून भावाच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिसा दिली. वाटलं, संपलं.

पण ॲशलीचं जहाज त्या बंदराला पुन्हा पुन्हा लागतं. मागच्या महिन्यात तिने बोलता बोलता सांगितलं, "मम्मी, ते अंकल परत भेटले. तुझा नंबर मागत होते. दिला मी."

तेव्हापासून सेलीन फोन उशाशी घेऊन झोपते.

अजून तरी त्याचा फोन आलेला नाही.

आला तर उचलायचा की नाही... हे तिचं तिलाच ठरवता येत नाहीये.