ट्रेलर उजवीकडे कलतो

त्याची आणि माझी पहिली भेट झाली, ती त्याने आमच्या दुकानाचं कापडी छप्पर फाडलं तेव्हा.

जीपच्या मागे जोडलेला एक हिरवा, पत्र्याचा ट्रेलर तो मागे मागे घेत गल्लीत घालत होता. ट्रेलर मागे घ्यायचा तर स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्टिअरिंग डावीकडे, ट्रेलर उजवीकडे आणि आमचं छप्पर — टर्र्र! मी हातातली कात्री घेऊनच बाहेर आले.

"गल्ली फारच अरुंद आहे हो तुमची," तो खिडकीतून म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं!"

तो खाली उतरला. उंच, उन्हाने रापलेला, कानांपर्यंत लाल झालेला. "खरंय... नाचता येत नाही मला. हा ट्रेलर परवाच घेतलाय, लष्करी सामानाच्या लिलावात. तुमचं छप्पर शिवून देतो मी."

"तुम्ही शिवणार?"

"म्हणजे... शिवून घेतो. इथे जाड कापड शिवणारं कुणी आहे का?"

मी नुसतं वर बोट केलं. फाटक्या छपरावर अजून अर्धी पाटी वाचता येत होती — 'ताडपत्री, तंबू, सीट कव्हर'. त्याने ती वाचली आणि हसत सुटला. इतकं मोकळं हसला की माझा राग गेला नाही, पण जरा बाजूला सरकून बसला.

तो जंगलातली झाडं मोजायचा. वर्षातले आठ महिने रानात, जिथे वीज नाही की नळ नाही. इतकी वर्षं गळक्या तंबूत काढली होती, आता या ट्रेलरचं घर करायचं होतं. टपावर सूर्यावर चालणारे पॅनल, बाकाखाली बॅटरी, पाण्याची टाकी, आणि वर उचलता येणारं छप्पर, ज्याच्या चारही भिंती कापडाच्या. त्या भिंती शिवायच्या होत्या मी.

"झाडं काय पळून जातात, मोजायला?" माझ्या बाबांनी विचारलं आणि त्याच दिवसापासून तो आमच्या घरात 'झाडमोज्या' झाला.

दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत ट्रेलर सहा आठवडे उभा राहिला. उचलत्या छपराचं माप जागेवर ताणूनच घ्यावं लागतं, म्हणून मी माझं जुनं, वजनदार मशीन थेट ट्रेलरमध्येच हलवलं. डावीकडच्या बाकावर मी बसायचे, समोर मशीन. तो उजवीकडे खाली बसून फळ्या ठोकायचा. एकेक फळी चारदा मोजायचा. मग फळी सपाट आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची काचनळी तिच्यावर ठेवायचा आणि डोळे बारीक करून बघत राहायचा.

"किती बघता त्या बुडबुड्याकडे!" मी म्हणायचे.

"मध्ये आला की बरं वाटतं."

"आणि नाही आला तर?"

"मग कारण शोधायचं. कारण असतंच." हे सांगताना तो बुडबुड्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली आणि चांगली हातभर शिवण वाकडी मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

एकदा बाबा येऊन बाकाची रुंदी बघून गेले. "एकाच माणसापुरता आहे रे हा!"

"एकटाच तर आहे मी," तो म्हणाला. मला ते वाक्य दुपारच्या जेवणात घशाखाली उतरेना.

छप्पर झालं तशी गळतीची परीक्षा घ्यायची ठरली. मी आत खडू घेऊन, तो बाहेर पाण्याची नळी घेऊन. भर उन्हात आमच्यावर आमचा खासगी पाऊस सुरू झाला. कापडावर थेंबांचा ताशा, ओल्या कॅनव्हासचा उग्र वास, आणि बाहेरून त्याचा आवाज — "इथे गळतंय?"

"नाही."

"इथे?"

शिवणीवरून सरकणारं त्याचं बोट मला आतून दिसत होतं. कापडावर फुगवटा यायचा आणि पुढे जायचा. मी माझं बोट त्याच्यामागोमाग फिरवायला लागले. कोपऱ्यात त्याचं बोट थांबलं. माझंही. मध्ये फक्त एक कापड, आणि तेही मीच शिवलेलं...

"इथे?" त्याचा आवाज बारीक झाला.

"इथे... जरा..."

"गळतंय?"

"नाही हो! माझी शिवण कधी गळते का?" मी ओरडले. एका थेंबाची गळती नव्हती आणि मी मात्र घामाने निथळत होते.

काम संपलं की तो जाणार, हे उघड होतं. मला तो आवडायला लागला होता, हेही निदान मला तरी उघड होतं. शेवटच्या आठवड्यात मी चांगल्या शिवणी उसवून पुन्हा घालत बसले. बाबा बघत होते.

निघायच्या सकाळी माझं मशीन खाली उतरवलं. त्याने सामान भरलं आणि दार लावलं. कडी बसेना. पुन्हा लावलं, तरी बसेना. आत ओट्यावर सांडलेलं पाणी थेट उजव्या कोपऱ्यात पळालं. काचनळी ठेवली, तर बुडबुडा रेघ सोडून पार डावीकडे.

"मी चारदा मोजलं होतं!" तो कासावीस झाला. टायरमधली हवा बघितली, टाकी बघितली, सामान इकडचं तिकडे केलं. घोडं कुठे पेंड खातंय, तेच कळेना.

"काल आत काय होतं, जे आज नाही?" बाबांनी विचारलं.

"मशीन!" आम्ही दोघं एकदम म्हणालो आणि ते उचलून परत आत ठेवलं. बुडबुडा हलला, अर्ध्या वाटेवर आला आणि थांबला.

मग मीच चढले आणि माझ्या रोजच्या जागी बसले. बुडबुडा हळूच सरकून दोन रेघांच्या बरोबर मध्ये आला. दार लागलं — खट्!

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बाहेरून बाबांचा आवाज आला. "सगळी झाडं मोजलीस रे, हिला मोजायला विसरलास."

मी उतरले तेव्हा तो माझ्याकडे बघायचं टाळत होता. "सोपं आहे... ट्रेलर डावीकडे झुकायचा म्हणून मी त्या बाजूच्या स्प्रिंगखाली एक लोखंडी पट्टी घातलीय. ती काढली की झालं सरळ. अर्ध्या तासाचं काम." पाना घेऊन तो ट्रेलरखाली शिरला.

अर्धा तास! तेवढ्यात मी तिथे कधी बसले होते याची खूणसुद्धा उरणार नव्हती. थांब म्हणावंसं वाटत होतं, पण गिऱ्हाइकाला थांब कसं म्हणायचं?

खालून आवाजच येईना. फक्त दोन बूट दिसत होते.

"निघत नाहीये का?" मी विचारलं.

"निघेल."

"मग?"

"...मला काढायची नाहीये."

बाबा एकदम सोलर पॅनलकडे बघायला लागले. "मला हल्ली ऐकू कमी येतं," ते मोठ्याने म्हणाले.

"हे घर तुला धरून सरळ आहे," बूट बोलत होते. "तुला वगळून सरळ करायला हात होत नाही. मला तू... फार आवडतेस. सहा आठवडे समोर बसून जमलं नाही सांगायला. इथे अंधार आहे म्हणून बोलतोय."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं. "आधी बाहेर ये. बुटांना उत्तर देत नसते मी."

तो घाईघाईने निघताना डोकं आपटून बाहेर आला. कपाळाला ग्रीस, हातात पाना आणि चेहरा परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा.

"मलाही आवडतोस," मी म्हणाले. "खूप. आणि ती पट्टी राहू दे."

"पण वाटेत दार लागणार नाही."

"दोरीने बांध."

"कप घरंगळतील..."

"घरंगळू देत. माझ्या हातात शाळेच्या बारा तंबूंचं काम आहे. वीस दिवस लागतील. मग येते मी. पण आधी बाबांना विचार."

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "हिला लग्न करूनच न्यायची, त्यासाठी वीस दिवसांनी सुट्टी काढून यायचं. आणि वर्षातले चार महिने तू रिकामाच असतोस ना? तेव्हा दोघांनी इथे दुकानात बसायचं. कबूल?"

"कबूल!" तो इतक्या जोरात म्हणाला की शेजारचा चावीवाला बाहेर येऊन बघून गेला.

तो निघाला. गल्लीच्या तोंडाशी ट्रेलर हलकेच उजवीकडे कललेला दिसत होता.

"वाकडा चाललाय," बाबा म्हणाले.

"माहितीये," म्हणत मी दुकानात शिरले आणि पहिल्या तंबूच्या कापडाला कात्री लावली.

वीस दिवसांचं ते काम मी अकरा दिवसांत संपवलं.