सावरणारा हात

नागपूरच्या शैशव संशोधन केंद्रात सकाळी दहा वाजता तान्ह्या बाळांची तपासणी चाले. त्या वेळात डॉ. यमुना खळतकर कुणालाही भेटत नसत. तरी त्या दिवशी सहायक पोलीस आयुक्त सुगंधा मडावी सरळ आत आल्या आणि त्यांनी टेबलावर दोन छायाचित्रं ठेवली. एकात गंजलेली लोखंडी पहार होती, दुसऱ्यात तुटलेलं मंगळसूत्र.

वर्ध्याजवळ दरोड्यात पकडलेल्या एका माणसानं सहा वर्षांपूर्वीचा एक खून कबूल केला होता. त्यानं दाखवलेल्या पडक्या विहिरीतून या दोन्ही वस्तू निघाल्या होत्या, आणि मंगळसूत्र पौर्णिमा भोयरचं असल्याचं तिच्या बहिणीनं ओळखलं होतं.

"म्हणजे नवऱ्यानं मारलं नव्हतं," मडावी म्हणाल्या. "मग मुलीच्या डोक्यात नवऱ्याचा हात कसा सापडला, ते आता तुम्हीच सांगायचं."

यमुनाबाईंना तो खटला पाठ होता. भर दुपारी पौर्णिमा नऊ महिन्यांच्या मितालीला अंगावर पाजत बसली होती. कुणीतरी आत शिरलं आणि पहिला घाव तिच्या खांद्यावर पडला. तिनं लेकराला सोडलं नाही. दुसऱ्या घावाला मनगट मोडलं, तरी सोडलं नाही. मग त्या माणसानं मितालीला दंडाला धरून ओढून काढलं आणि भिंतीकडे भिरकावलं, आणि पौर्णिमेच्या डोक्यावर पहार इतक्या वेळा घातली की नंतर डॉक्टरांना घाव मोजता आले नाहीत. कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यातून प्रल्हाद भोयर घरी आला तेव्हा खांदा निखळलेली मिताली आईच्या रक्तात पडून होती आणि तिचा आवाज बसला होता.

साक्षीदार तेवढी एकच. तिला बोलता येत नव्हतं, पण यमुनाबाईंनी नुकतंच सिद्ध केलं होतं की बोलता न येणाऱ्या बाळालाही आठवतं. त्याची आठवण शब्दांत किंवा चेहऱ्यांत नसते, ती अंगात असते. कुणाचा तळवा केवढा, पकड कशी, बोटांची ऊब किती, हे सारं मेंदूत उमटून राहतं. या ठशाला त्यांनी स्पर्शमुद्रा नाव दिलं होतं, आणि तो वाचणाऱ्या यंत्राला आद्यस्मृतिवाचक. घटनेच्या वेळचे वास आणि आवाज बाळाला पुन्हा दिले की ती आठवण जागी होई आणि डोक्यावरची जाळीची टोपी ती टिपून घेई. मितालीची स्मृती खुनानंतर विसाव्या दिवशी वाचली गेली. तिला ओढणाऱ्या हाताची मुद्रा प्रल्हादच्या हाताशी तंतोतंत जुळली. शेजाऱ्यांनी नवराबायकोच्या भांडणांच्या साक्षी दिल्या. प्रल्हादला जन्मठेप झाली. तुरुंगात पहिल्याच आठवड्यात कैद्यांना त्याचा गुन्हा कळला. बायकोला ठेचून तान्ह्या पोरीला भिंतीवर फेकणाऱ्या माणसाला त्यांच्यातल्या चौघांनी धरलं आणि पाचव्यानं ताटाची कड त्याच्या डाव्या डोळ्यात घातली.

मडावी गेल्यावर यमुनाबाईंनी सहकारी सलील ताकसांडेला बोलावलं आणि मितालीच्या वाचनाचं सहा वर्षांपूर्वीचं चित्रण लावलं. बाळ इतका आकांत करत होतं की यंत्राला काही पकडता येत नव्हतं. मग पडद्यावरच्या यमुनाबाई दाराकडे वळून म्हणाल्या, "बाहेर वडील बसलेत ना? त्यांना बोलवा. तिला मांडीवर घेऊ देत." प्रल्हाद आला. त्यानं लेकीला उचललं, पाठीवर हात फिरवला. ती हुंदके देत शांत झाली, आणि पहिली स्वच्छ नोंद यंत्रात आली ती त्यानंतर.

सलीलनं ते चित्रण तीनदा पाहिलं. "मॅडम, वाचायला उघडली की स्मृती मऊ पडते, हे आपण उंदरांत पाहिलंय. ती ओली होते आणि काही तासांनी पुन्हा वाळते."

"मोठ्या प्राण्यात ओलेपणी फार तर भर पडते," यमुनाबाई म्हणाल्या. "पण वर्षाच्या आतल्या बाळाचा मेंदू एका प्रसंगाला एकच हात लावून ठेवतो. दोन हात वेगळे ठेवणं त्याला जमत नाही."

"आणि रडणारं बाळ काही शिकत नाही. शांत होणारं शिकतं."

"म्हणजे शांत करणाराच हात उमटतो." त्यांचा आवाज खाली आला. "आधीचा पुसून."

त्यांचं यंत्र खुन्याला शोधत नव्हतं. त्या भयातून बाळाला ज्यानं सावरलं, त्याला ते शोधत होतं. आणि प्रत्येक वाचनाच्या वेळी बाळाला जवळच्या माणसाच्या मांडीवर द्यायचं, हा नियम यमुनाबाईंनी स्वतः घालून दिला होता. देशभर अशा सतरा खटल्यांत शिक्षा झाल्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी न्यायालयाला पत्र लिहिलं आणि खाली सही केली.

प्रल्हाद सुटला. मितालीला मावशीनं, निर्मलानं वाढवलं होतं. बाप निर्दोष होता, हे तिनं मुलीला परोपरीनं समजावून सांगितलं. सात वर्षांच्या मितालीनं सगळं ऐकलं, मान डोलावली, बाबांसाठी चित्रही काढलं. भेटीच्या दिवशी यमुनाबाई तिथं होत्या. प्रल्हाद जमिनीवर बसला आणि त्यानं हळूच लेकीच्या दंडावर हात ठेवला.

मिताली किंचाळली नाही. तिचं अंग ताठ झालं, डोळे फिरले. रंगांच्या डब्याशेजारची कात्री तिनं उचलली आणि बापाच्या हातात खुपसली. उपसली, पुन्हा खुपसली. निर्मलानं तिला मागे ओढेपर्यंत पाच वार झाले होते. मग ती भिंतीवर कपाळ आपटत राहिली. आपण काय केलं, हे तिला नंतर सांगता येईना. प्रल्हादनं हात मागे घेतलाच नव्हता. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि तो एका डोळ्यानं लेकीकडे बघत होता.

औषधं झाली, समुपदेशन झालं. डोक्याला पटलेलं अंगाला पटत नव्हतं. अखेर यमुनाबाईंनी सगळ्यांना बसवून एकच वाट सांगितली. स्मृती पुन्हा उघडायची, ओली करायची आणि तिच्यात दुसरा हात उमटवायचा. आठवण तान्हेपणाची होती, म्हणून तिच्यात आजही एकच हात राहणार होता.

खऱ्या खुन्याला आणता येईल, असं मडावींनी सुचवलं. त्यावर प्रल्हाद त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. "त्या माणसाचा हात माह्या पोरीले पुन्हा नाही लागला पाहिजे, मॅडम."

तसं होणारही नव्हतं. ज्या हातानं मुलगी शांत होईल तोच उमटणार, आणि खुन्याच्या हातानं ती कशी शांत व्हावी? रबराचा ऊबदार हात केंद्रानं पूर्वीच करून पाहिला होता. बाळांनी त्याला माणूस मानलं नव्हतं. निर्मला तयार झाली, पण ज्याचा हात उमटेल त्याला मुलगी पुन्हा जवळ येऊ देणार नव्हती, आणि मावशी म्हणजे तिची आईच होती. माणूस असा हवा होता की मिताली त्याच्यावर जीव लावील, आणि तो गेला तरी तिचं जग मोडणार नाही.

"मी येईन रोज," यमुनाबाई म्हणाल्या.

न्यायालयानं परवानगी दिली. पुढचे अडीच महिने त्या रोज संध्याकाळी निर्मलाच्या घरी जात. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. हजारो बाळांच्या डोक्यावर त्यांनी टोप्या बसवल्या होत्या, पण एकाही मुलीची वेणी घातली नव्हती. मितालीनं त्यांना ती शिकवली. पहिल्या वेण्या वाकड्या झाल्या तेव्हा ती हसून लोळली. एकदा ताप आला तर तिनं मावशीला सांगितलं की यमूमावशीला बोलव, तिचा हात गार असतो. त्या रात्रभर कपाळावरची ओली घडी बदलत बसल्या. सकाळी घरी जाऊन त्यांनी सलीलला फोन केला आणि हे आपल्याच्यानं होणार नाही म्हणाल्या. पण फोन ठेवण्याआधी त्यांनीच विचारलं की खोली कधी तयार होईल.

वाचनाच्या दिवशी मितालीला टोपी चढवली. दुधाचा वास, फोडणीचा वास, दाराची कडी, मग जड पावलं. सात वर्षांच्या त्या देहात नऊ महिन्यांचं बाळ जागं झालं. तिथं नसलेल्या आईला तिचे दोन्ही हात गच्च धरून होते. मग एक दंड हिसडला गेला, खांदा उखळीतून निसटताना दिसावा तसा वर चढला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सलीलनं तोंड फिरवलं. यमुनाबाईंनी तो दंड धरला. पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तिच्या केसांत पुटपुटत राहिल्या. आकांत ओसरला. पडद्यावरची जुनी मुद्रा फिकट झाली, दोन तासांनी पुसली गेली, आणि तिच्या जागी एक अरुंद, गार तळवा हळूहळू स्पष्ट होत गेला. स्मृती वाळेपर्यंत सहा तास हात काढायचा नव्हता. त्यांनी तो काढला नाही.

मिताली जागी झाली. तिनं डोळे उघडून आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती हसली. मग तिला दंडावरचा हात जाणवला.

तिनं त्यांचा अंगठा हाडापर्यंत चावला. खाटेजवळची पाण्याची स्टीलची बाटली दोन्ही हातांनी उचलून ती त्यांच्या तोंडावर मारत सुटली. गालाचं हाड मोडल्याचा आवाज यमुनाबाईंना आतून ऐकू आला. त्यांनी चेहरा झाकला नाही. आवाज ऐकून बाहेर बसलेला प्रल्हाद आत धावला, आणि मिताली त्याच्या पायांमागे दडली. तो दोन्ही हात वर धरून उभा राहिला, तिला लागू नयेत म्हणून. तिनंच त्याचा एक हात खाली ओढला आणि आपल्या डोक्यावर घेतला.

"तिला बाहेर घेऊन जा," यमुनाबाई म्हणाल्या. रक्तानं भरलेल्या तोंडातून शब्द नीट फुटले नाहीत, पण त्याला कळले.

त्यांनी मितालीला पुन्हा पाहिलं नाही. पाहता येणारही नव्हतं.

त्या सतरा खटल्यांतल्या उरलेल्या सोळा मुलांपैकी आठ सलीलनं स्वतःहून मागून घेतली. गालाचं हाड सांधल्यावर यमुनाबाई यवतमाळला गेल्या. तिथं गार्गी नावाची पाच वर्षांची मुलगी होती. तिला सावरणारे आजोबा चार वर्षं तुरुंगात काढून परतले होते, आणि ते घरात पाऊल टाकताच ती फिट येऊन पडत होती. ओसरीवर बसलेल्या अनोळखी बाईंकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग जवळ आली आणि वाकड्या झालेल्या गालाला बोट लावून तिनं विचारलं, "दुखतं का?"

"थोडं," यमुनाबाई म्हणाल्या.

गार्गीनं गालावर फुंकर घातली आणि आपला हात तिथंच ठेवून दिला. तो थंडीनं काकडला होता. यमुनाबाईंनी तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, आणि ऊब येईपर्यंत सोडला नाही.