मागच्या सीटवरचं निळं जॅकेट

हे खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं.

खोट्या गोष्टीत भुताची बदनामी होते. खऱ्या गोष्टीत सांगणारीची. म्हणून तेरा वर्षं गप्प बसले.

आधीच सांगते, रात्र नव्हती. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, दुपारचे साडेतीन. जागा म्हणजे बिश्केकपासून तासाभरावरचं, डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान. नेमकी कुठली दरी ते सांगत नाही. तिथल्या फाटकावरचा म्हातारा अजून नोकरीत आहे. त्याला उगाच त्रास नको.

मी आयचुरेक. एका बालवाडीची कोठी सांभाळते. वाट्या, चमचे, दुलया, उशा, सगळं सकाळी मोजून देते, संध्याकाळी मोजून घेते. इतक्या वर्षांत एक चमचा हरवलेला नाही.

ही बढाई नाही. पुढे लागणार आहे, म्हणून सांगितलं.

तेव्हा घरात तीन मुलं होती. पण कोणी विचारलं, "मुलं किती?" की माझ्या तोंडून निघायचं, "दोन."

कारण पहिला, तिलेक, माझा नव्हताच. जन्म मीच दिला. पण आमच्यात पहिलं नातवंड आजीचं. दूध सुटलं तसं सासूबाईंनी त्याला गावी नेलं, आणि तो त्यांचाच झाला. त्यांना "आई" म्हणायचा. मला, गावातले सगळे दीर म्हणायचे तसं, "वहिनी".

फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. त्यांचा चाळिसावा दिवस झाला आणि सहा वर्षांचा तिलेक एक पिशवी घेऊन आमच्या फ्लॅटवर आला.

पिशवीत काय काय आहे ते मी मोजून घेतलं. पोराला जवळ घ्यायचं राहून गेलं.

"होईल सवय," माझा नवरा कुबात म्हणाला. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध.

सहा महिने गेले. सवय कोणालाच झाली नाही.

त्या रविवारी आम्ही डोंगरात गेलो. आम्ही दोघं, आमची तीन मुलं... बघा, आता तीन म्हणते. शिवाय नणंद जाझगुल आणि तिच्या पाच वर्षांच्या जुळ्या मुली. जाझगुलला गाडीत मागे बसवलं की मळमळतं, पुढे बसवलं की बोलावंसं वाटतं. आम्ही तिला पुढे बसवलं.

फाटकावर म्हाताऱ्याने आत डोकावून कागदावर लिहिलं. तीन मोठे, पाच मुलं.

ओढ्याकाठी एक मोठा पांढरा खडक आहे. त्याच्या शेजारी आम्ही दस्तरखान अंथरलं. नान, पुलाव, टरबूज. समोवार पेटवायला कुबातने अर्धा तास आणि एक वर्तमानपत्र घालवलं.

"दादा, तू असाच फुंकत राहिलास तर चहा बर्फ पडल्यावर मिळेल," जाझगुल म्हणाली.

"मग बर्फाचाच कर. तुझ्या हातचा चहा तसाही पाणीच असतो."

सगळे हसले. तिलेक हसला नाही. तो जेवला, हात पुसले, आणि मला म्हणाला, "वहिनी, पाणी."

जाझगुलने टाळी वाजवली. "अगं, मी तुला वहिनी म्हणते, हाही वहिनी म्हणतो! म्हणजे हा माझा धाकटा भाऊच की! भाऊराया, ये, बहिणीला टरबूज भरव!"

सगळे परत हसले. मीही हसले. पण आत कुठेतरी लागलं.

आणि मग मी ते केलं.

माझ्या पर्समध्ये एक मोठं चॉकलेट होतं, लाल कागदातलं. मी ते काढलं. सगळ्यांसमोर उंच धरलं.

"तिलेक, आई म्हण. मग देते."

तो बघत राहिला.

"म्हण की. एकदाच. आ... ई."

जुळ्या ओरडल्या, "म्हण, म्हण!" कुबात दुसरीकडे बघत होता.

तिलेकचे कान लाल झाले. त्याने चॉकलेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला.

आणि उठून खडकामागच्या अर्चाच्या झुडपांत निघून गेला. अंगात नुसता स्वेटर की वर त्याचं निळं जॅकेटही, ते मी पाहिलं नाही. रागात होते.

पंधरा-वीस मिनिटं झाली असतील.

वरून धुकं उतरलं. डोंगरात असंच होतं, दार लोटून आत आल्यासारखं येतं. पाठोपाठ बर्फाचा बारीक चुरा. दहा पावलांवरचा ओढा दिसेना.

मग लक्षात आलं...

ओढ्याचा आवाजही येत नव्हता.

"गाडीत चला!" कुबात ओरडला. आम्ही दस्तरखान तसंच गुंडाळलं. धाकट्या उमरला मी कडेवर घेतलं. मधली मुलगी आयदाय आणि जुळ्यांना मागच्या ओळीत कोंबलं.

"तिलेक!" मी हाक मारली. "तिलेक, चल!"

हाक मारली ती पण रागानेच.

धुक्यातून... निळं जॅकेट आलं. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, चेन गळ्यापर्यंत लावलेली. काही न बोलता आत चढलं आणि माझ्या शेजारी खिडकीपाशी बसलं.

दार लावलं. मी मोजलं.

मांडीवर एक. शेजारी एक. मागे तीन. पाच.

"पाच," मी म्हणाले. "चल."

फाटक तिथून बारा किलोमीटर. जाझगुल पुढे बसून आपले जावई अजून ठरायचेच आहेत तरी त्यांचे दोष सांगत होती. मागे मुली पेंगल्या. मांडीवर उमर झोपला.

मला थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं. मी चॉकलेट काढलं आणि त्या जॅकेटच्या बाहीतल्या हातावर ठेवलं.

"घे. काही म्हणू नकोस. असंच घे."

हात गार होता. ओढ्यातून काढल्यासारखा.

"बघ, गारठलास," मी म्हणाले.

तेव्हा त्याने हळूच... डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

सहा महिन्यांत पहिल्यांदा.

आणि अगदी हळू म्हणाला...

"आई."

आता खरी लाजेची गोष्ट सांगते.

मला कळलं होतं.

पूर्ण नाही. पण तिलेक असं डोकं टेकत नाही, हे मला कळलं होतं. त्याचा आवाज थोडा घोगरा, हा तसा नव्हता. टोपी जराशी मागे केली असती तर काम झालं असतं. हात मोकळा होता माझा.

मी टोपी मागे केली नाही.

कारण मला ते आवडलं होतं.

"काय रे बाळा," मी म्हणाले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बारा किलोमीटर मी तशीच बसून राहिले, खांदा न हलवता. त्याची झोप मोडेल म्हणून.

फाटकावर म्हाताऱ्याने बॅटरी आत मारली. कागद पाहिला. परत बॅटरी मारली.

"पाच पोरं आत गेली होती."

"पाचच आहेत," मी म्हणाले.

"बाई, चार आहेत."

मला हसू आलं. मला मोजायला शिकवतो! "आजोबा, मांडीवर एक, मागे तीन, आणि हा..."

मी खांद्याशी हात नेला.

जॅकेट होतं.

नुसतं जॅकेट. टोपी वर, चेन गळ्यापर्यंत लावलेली, आत कोणी नाही. खिडकीला टेकून बसवल्यासारखं. पाण्याने निथळत होतं. एका बाहीतून लाल कागदातलं चॉकलेट सीटवर पडलं.

माझा खांदा ओला होता.

जाझगुलचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्यावर तुटलं.

कुबातने गाडी वळवली. पूर्ण वाटेत त्याने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

तिलेक सापडला. हे आधीच सांगते, तुमचा जीव टांगणीला नको.

पांढऱ्या खडकावर बसला होता. अंगात नुसता स्वेटर. गवतावर बोटभर बर्फ साचला होता. खडक मात्र... कोरडा होता.

मी धावत जाऊन त्याचे हात धरले. ऊन ऊन होते. ओठांना तेल लागलेलं. आणि हवेत वास होता... कढईतून नुकत्याच काढलेल्या बोर्सोकचा, कणकेच्या त्या तुकड्यांचा. मेलेल्या माणसांच्या नावाने आम्ही गुरुवारी तळतो तसा.

तो रडत नव्हता.

"तू हलला नाहीस?" कुबातने विचारलं.

"आई म्हणाली, इथेच बस. ते परत येतील."

"कोण आई रे?" जाझगुलने विचारलं.

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीच लहान आहे.

"आपली," तो म्हणाला.

जाझगुल तिथेच बर्फात बसली. ती तिचीही आई होती ना.

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. "अजून काय म्हणाली?"

तिलेकने जरा आठवलं. मग निरोप सांगावा तसं सांगितलं.

"म्हणाली, वहिनी मोजते बरोबर. बघत नाही."

परत फाटकावर आलो तेव्हा म्हाताऱ्याने बॅटरी मारून पाचही तोंडं एकेक करून पाहिली. मग म्हणाला, "ते जॅकेट घरी नेऊ नका."

कुबातने ते बाहेर अर्चाच्या फांदीला बांधलं. तिथे आधीच पुष्कळ चिंध्या बांधलेल्या होत्या. लोक नवसाच्या बांधतात. पण मी जवळून पाहिलं. त्यांत एक लहान मोजा होता. एक लोकरी टोपी होती. एक बोट नसलेला हातमोजा.

"ते काही बोललं का तुमच्याशी?" म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं.

"नाही."

"हाक मारली असेल, तर ओ दिली नाहीत ना?"

कुबात ऐकत होता. तिलेक माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले.

घरी सगळ्यांना एकच सांगितलं, धुक्यात चुकामूक झाली. जाझगुलनेही कधी तोंड उघडलं नाही. यावरून काय ते समजा.

त्यानंतर मी तिलेकला कधी "आई म्हण" असं म्हटलं नाही. आंघोळ घातली, अभ्यास घेतला, तापात रात्र रात्र बसले. तो वहिनी म्हणायचा, मी ओ द्यायचे. विचारलं तर "तीन मुलं" सांगायला शिकले. रोज संध्याकाळी तिघांची तोंडं बघायचे, हनुवटी धरून. मुलं वैतागायची.

वाटलं, फिटलं.

तिलेक आता एकोणीस वर्षांचा आहे. या वसंतात कामाला रशियात, काझानला गेला. बांधकामावर. निघताना विमानतळावर त्याने मला मिठी मारली. काही म्हणायचं होतं त्याला, दिसत होतं. म्हणाला नाही.

मे महिन्यात, भर दुपारी, कोठीत दुलया मोजत होते. फोन वाजला. त्याचाच नंबर.

"हॅलो," मी म्हणाले.

पलीकडे वाऱ्याचा आवाज. आणि मग, अगदी हळू...

"आई."

माझा उजवा खांदा गार पडला.

हातातली दुलई पडली. एकोणीस वर्षं मी ज्या एका शब्दासाठी थांबले होते, तो आला होता. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"कोण बोलतंय?"

पलीकडे परत वारा.

मग तिलेकचा आवाज आला. घोगरा, त्याचा नेहमीचा.

"मी आहे, वहिनी. तिलेक. पैसे पोचले का, एवढंच विचारायचं होतं."

त्यानंतरही तो फोन करतो. दर रविवारी, न चुकता. वहिनी म्हणतो.

फोनवरची ती हाक त्याचीच होती ना, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्याची असेल, तर मी माझ्या पोराला दुसऱ्यांदा डोंगरात सोडून आले.

नसेल, तर...

विचारायला मला तोंड नाही.