उजव्या पायातला गिअर

बुर्ज हम्मूदच्या दाट वस्तीतल्या आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली, तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. त्या दुपारी मी कॉफीचा ट्रे घेऊन वळले आणि समोरून एक मोटरसायकल आली. बसून नव्हे... ढकलत, लंगडत आणत होता एक तरुण. हँडलचं टोक ट्रेला लागलं आणि बाबांची कॉफी थेट त्याच्या सदऱ्यावर!

"अहो, भाजलं का?"

"नाही." त्याने बोट चाटून पाहिलं. "साखर घातली नाहीत वाटतं."

"बाबांना मनाई आहे. कुठे निघालात हे धूड घेऊन?"

"मिसाक उस्तादांकडे. ते सायलेन्सरचे पाइप वळवतात ना?"

"बाबा आता फक्त कॉफी पितात. पाइप मी वळवते."

त्याने माझ्या ठिणग्यांनी भोकं पडलेल्या बाह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्याचं नाव खोरेन. दोन गल्ल्या पलीकडे चपला-बुटांचं चामडं कापायचा. गाडी त्याने स्वतः जुळवत आणली होती — सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं, टाकी तिसरीची. पण डोंगरातल्या एका अपघातापासून त्याचा डावा घोटा हलत नव्हता आणि गिअर तर डाव्याच पायाने टाकायचा.

"गिअर उजव्या पायात आणायचा आणि मागचा ब्रेक डाव्या हातात," तो म्हणाला. "तिघांनी नकार दिला."

"मग चौथीने काय वेगळं सांगावं?"

"हो म्हणावं."

बाबा वर्कशॉपच्या कोपऱ्यातून खोकले. ते उगाच खोकत नाहीत.

मी इंजिनखालून एक आडवा दांडा घातला — डावीकडचा गिअर उजवीकडे नेणारा. दांडा बसला, पण सायलेन्सरच्या पाइपाला घासू लागला. पाइप कापून बाहेरून वळवला, तर तो त्याच्या पोटरीला भिडला. पुन्हा कापला. या वेळी खालून, जमिनीला जेमतेम न लागेल असा नेला. मग खोरेनने हौसेने गिअर खाली दाबला... आणि पडला वरचा!

"उलटा झाला," तो म्हणाला.

"दांड्याच्या टोकाची पट्टी फिरवून बसवली की सुलटा होईल. हसताय काय?"

"कुणीतरी माझ्याइतकंच चुकतंय, म्हणून बरं वाटलं."

आमच्याकडे वीज सारखी जाते. वेल्डिंग थांबलं की आम्ही उंबऱ्यावर बसायचो, समोरच्या बाल्कन्यांमधले पडदे हळूच हलायचे. अशाच एका दुपारी त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. जाड चामड्याचे बूट.

"ठिणग्यांनी तुझ्या चपलांची चाळण झालीय," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तुझ्या' म्हणाला... आणि कानापर्यंत लाल झाला.

बूट अगदी नेमके बसले. "माप कधी घेतलंस?"

"दिवसभर या धुळीत पावलं उमटवत तूच तर फिरतेस."

त्यानंतर मला पाइप सरळ कापता येईना.

गाडी तयार झाली. खोरेन मात्र ती नेईना. आज म्हणे काहीतरी खडखडतं, उद्या ब्रेक जड वाटतो. एक दिवस दांड्याचा नट सैल निघाला. मी तो बोटांत फिरवून पाहिला. त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते.

"हा आपोआप सुटलेला नाही, खोरेन."

त्याने नट माझ्या बोटांतून काढून घेतला. मग म्हणाला, "भीती वाटते गं. अपघाताचं ते वळण अजून डोळ्यांपुढून जात नाही. आणि... गाडी नेली की इथे यायचं कारण संपतं."

"यातलं खरं कुठलं?"

"रस्त्यावर पहिलं. इथे दुसरं."

तो गेल्यावर मी करवत काढली. दुसऱ्या दिवशी तो आला, तर गाडीच्या सांगाड्याची शेपटी कापलेली!

"सेता! हे काय केलंस?"

"एकाच माणसापुरती होती. मागे कुणी बसायचं तर लांब नको करायला?"

"मागे... कोण बसणार?"

"आधी तू. सीटचं चामडं कापायचं काम तुझ्याकडे."

बाबा खोकले नाहीत. चक्क हसले.

लांब सीट बसली आणि रविवारी सकाळी मी गाडी चालू केली. खोरेन मागे बसला, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. समुद्राकाठच्या जूनिये गावाच्या वाटेवर पहिलं वळण आलं, तसे ते हात माझ्या कमरेशी आले. काही वळणांनंतर पकड सैल झाली... हात तिथेच राहिले.

समुद्र उजळ दिसू लागला तिथे मी गाडी उभी केली. "उतर. आता तू."

तो हँडलकडे पाहत राहिला. "पडलो तर?"

"दोघं पडू. पाइप पुन्हा वळवता येतो."

तो पुढे बसला, मी मागे. त्याने श्वास घेतला, उजवा पाय दाबला. गिअर पडला. गाडी आधी अडखळली, मग सावरली आणि वळणामागून वळण मागे पडू लागलं. त्याची ताठ पाठ हळूहळू सैल होत गेली. मी त्या पाठीवर गाल टेकवला तेव्हा त्याने मान जराशी वळवून काहीतरी म्हटलं.

"काय?" मी वाऱ्यात ओरडले.

त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. "तुझ्याशी लग्न करायचंय, म्हटलं."

"पहिल्यांदा म्हणालास तेव्हाच ऐकू आलं होतं," मी म्हणाले.

"मग ओरडलीस कशाला?"

"तू थांबून, माझ्याकडे बघून म्हणावंस म्हणून..."

"आणि उत्तर?"

मी त्याच्या कपाळावर चिकटलेले केस मागे सारले. "हो. आता चल, बाबांना सांगायचंय."