निरंजनचे अधिक महिने

पाळणेबाईच्या कपाळावर लाल दिवा लागला आणि घरातले सगळे पाळण्याभोवती धावले.

पाळणेबाई म्हणजे बाळाची देखभाल करणारं यंत्र. कुमुदआत्यानं ती भाच्याला भेट म्हणून आजच आणली होती. उद्या निरंजनचं उष्टावण. सहा महिने पुरे झाले होते, मुहूर्त काढला होता, चांदीची वाटी घासून लखलखत होती. आणि ही बाई पाळण्यावर वाकून म्हणते काय, तर "वय सहा महिने. मान धरणे : अपूर्ण. कुशीवर वळणे : नाही. विकास मागे."

"मागे म्हणजे?" निरंजनच्या दहा वर्षांच्या ताईनं, शाल्मलीनं विचारलं.

"सातमाशांचं असंच गं," आत्या हळूच पुटपुटली.

शाल्मलीनं पाळण्यात डोकावून पाहिलं. निरू सातव्या महिन्यातच जन्मला होता. कित्येक आठवडे तो काचेच्या उबदार पेटीत होता. नंतर आई त्याला तासन् तास उघड्या छातीशी धरून बसायची. एवढं करूनही तो मागेच राहिला? शेजारचा अद्वय त्याच्याच दिवशी जन्मलेला, तो तर पालथा पडून खुदुखुदु हसतो!

तेवढ्यात आजोबा आले. आईचे वडील. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवर संशोधन करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शाल्मलीनं त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत.

"आजोबा, निरू मठ्ठ आहे का हो?"

"कोण म्हणतं?"

तिनं पाळणेबाईकडे बोट दाखवलं. आजोबांनी यंत्राच्या पाटीवरची नोंद वाचली आणि मान हलवली. "हिला फक्त जन्मतारीख सांगितलीय. जन्माला यायची ठरलेली तारीख कुणी सांगितलीच नाही."

"त्या तारखेपासून वय मोजा, असं दवाखान्यात म्हणाले होते," आई खालच्या आवाजात म्हणाली, "पण मुहूर्त काढून झालेला. वन्संना कसं सांगू?"

आजोबा आत्याकडे वळले. "कुमुदताई, तुम्ही अधिक महिन्याचं व्रत करता ना? मग सांगा, अधिक महिना धरलाच नाही तर काय होईल?"

"होईल काय! चंद्राचे बारा महिने लवकर संपतात, सूर्याचं वर्ष जरा मोठं. अधिक धरला नाही, तर सण दर वर्षी अलीकडे अलीकडे येतील. काही वर्षांनी दिवाळी भर पावसात!"

"म्हणजे पंचांगाचं पान उलटलं, पण ऋतू आलाच नाही. निरूचंही तसंच. मेंदूला घड्या पडतात, स्नायू भरतात, ते बरंचसं पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत. हा तीन महिने आधीच बाहेर आला. पण म्हणून मेंदू काही घाई करत नाही. तो आपल्या चालीनं वाढतो. अशा बाळाचं दुरुस्त वय (ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं वय) बघायचं असतं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत."

शाल्मली बोटं मोजू लागली. "सहातून तीन गेले... तीन! आजोबा, निरू तीनच महिन्यांचा आहे?"

"वाढीच्या हिशेबानं, हो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. जंतूंना कुठलं पंचांग!"

शाल्मलीनं पाळणेबाईला ठरलेली तारीख सांगितली. यंत्र पुन्हा वाकलं, खुळखुळा वाजवला. निरूनं आवाजाकडे डोळे फिरवले आणि बोळकं उघडून हसला.

"दुरुस्त वय तीन महिने. विकास वेळेवर."

दिवा हिरवा झाला. आईनं पदर डोळ्यांना लावला.

"हिरवा दिवा म्हणजे देवाचं वचन नव्हे," आजोबा म्हणाले. "तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण दुरुस्त वय सहा महिने होऊन मान धरेपर्यंत खीर नको. घशात अडकेल."

सगळे आत्याकडे बघू लागले. मुहूर्त तिनं काढलेला. ती चांदीची वाटी हातात घेऊन आजोबांकडे वळली.

"पण काका, आणखी तीन महिन्यांनी नववा येतो. मुलाचं उष्टावण विषम महिन्यात करत नाहीत हो!"

"आत्या," शाल्मली म्हणाली, "ते तीन अधिक महिने. ते मोजायचेच नाहीत. मग सहावाच!"

आत्या खळखळून हसली. "बाई गं, वकील हो तू! बरोबरच आहे. अधिकात शुभकार्य करायचंच नसतं. पुढं ढकला उष्टावण."

संध्याकाळी शाल्मलीनं विचारलं, "आजोबा, बाळांना अधिक महिने लागूच नयेत, असं नाही करता येणार?"

"कोकरांवर तसे प्रयोग चाललेत. पाण्यानं भरलेली कृत्रिम कूस, तिच्यात उरलेले दिवस भरायचे. अजून पुष्कळ काम बाकी आहे. तुझ्यासाठीही उरेल."

तीन महिन्यांनी निरू आईच्या मांडीवर ताठ मानेनं बसला. मामानं खिरीचं बोट त्याच्या ओठांना लावलं. निरूनं विचार केला, चव घेतली आणि सगळी खीर आत्याच्या नव्या पैठणीवर फुर्रकन उडवली.

"वेळेवर," पाळणेबाई म्हणाली.