पाळण्यांचा सोमवार

ठवरे सरांनी भिंतीवरच्या यादीतलं तिसरं नाव लाल पेनाने आडवं खोडलं आणि कुंताच्या तोंडचं पाणी पळालं.

यादी ती केवढी! तीन नावांची. कहकशाँ, जिशान आणि कुंता. शुक्रवारी हे तिघं सिंदेवाहीहून चंद्रपूरला जाणार होते, जिल्ह्यातल्या कॉम्प्युटर क्लासांच्या सुट्टीतल्या स्पर्धेला. स्पर्धा होती 'जॉली पार्क' या खेळाची. पडद्यावर मोकळी जागा मिळते. तिथे आपण जत्रेतल्यासारखे पाळणे, झोके, चक्री उभी करायची (क्लासात या सगळ्यांना पाळणेच म्हणत), माणसं येऊ द्यायची आणि खेळातली तीन वर्षं बाग चालवून दाखवायची. खेळातला एक दिवस सहा-सात सेकंदांत संपतो, त्यामुळे तीन वर्षांना दोन तास लागतात. ऐकायला सोपं आहे, पण दुसरं वर्ष लागलं की पाळणे धूर सोडतात, माणसं ओरडत पळतात आणि बाग ओस पडते. क्लासातल्या अकरा पोरांपैकी दहांचं हेच झालं होतं.

अकरावी होती कुंता. तिची बाग तीन वर्षं धडाक्यात चालली होती आणि नेमका तोच तिचा गुन्हा ठरला.

सरांनी या खेळाची मराठी पुस्तिका स्वतः लिहून, टाइप करून, झेरॉक्स काढून प्रत्येकाला दिली होती; जिल्ह्यातले बाकीचे क्लासही तीच वापरत. तिच्या नवव्या पानावर ठळक अक्षरांत दोन नियम होते. दर महिन्याला प्रत्येक पाळण्याला रंग द्यावा, रंगवलेला पाळणा मोडत नाही. आणि चालू पाळणा कधीही थांबवू नये. कुंताने एकाही पाळण्याला रंग दिलेला नव्हता, तरी सहाच्या सहा पाळणे फिरत होते. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि निकाल देऊन टाकला, की ही पोरगी कुठून तरी चोरवाट शिकून आली आहे. चोरवाट म्हणजे काही बटणं दाबून खेळाला फसवायचं. कसं केलंस, असं त्यांनी तिला तीनदा विचारलं. कुंताला खरंच माहीत नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. गप्प राहिलेल्या माणसाला लोक चोर समजतात, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"फसवणारी पोरगी माझ्या क्लासचं नाव घेऊन चंद्रपूरला जाणार नाही," सर म्हणाले.

रडू आलं होतं, पण दहा पोरांसमोर रडेल ती कुंता कसली! चपला पायात सरकवून ती तडक तलावाकडे निघाली. चालताना तिला एकच गोष्ट छळत होती. स्पर्धा गेली तर गेली. पण मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यात तिच्या बाबांनी, केवळरामने, घरोघरी सांगून ठेवलं होतं, की माझी पोरगी कॉम्प्युटरवर जिल्ह्याला चालली. आता त्या लोकांना काय सांगायचं? पोरीने चोरी केली म्हणून नाव काढलं, असं?

त्या दिवशी सोमवार होता, गावचा बाजार. बाजाराच्या दिवशी मोहल्ल्यातलं कोणी पाण्यात जाळं टाकत नाही. डोंगे, म्हणजे छोट्या लाकडी होड्या, काठावर ओढून पालथे घालतात, भेगा तपासतात, जाळी वाळवतात, फाटलेलं शिवतात. आजोबांच्या आजोबांपासून असंच चालत आलेलं आहे. केवळराम पळसाच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. लेकीचा चेहरा पाहून त्याने सुई थांबवली. कुंताने सगळं एका दमात सांगितलं. केवळरामला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने एकच विचारलं.

"तुनं चोरी केली का?"

"नाई, बाबा."

"मंग रडून काऊन राह्यली? शोध, का झालं ते."

मग त्याने तिला झाडूभाऊची गोष्ट सांगितली. झाडूभाऊ शेजारचा. एका साली त्याने डंका पिटला, की जाळ्याला लाल चिंधी बांधली की मासळी दुप्पट येते. अर्धा मोहल्ला चिंध्या शोधत फिरला. केवळरामने मात्र दोन सारखी जाळी घेतली, एकाला चिंधी बांधली, एकाला नाही, आणि दोन्ही शेजारी-शेजारी टाकली. चिंधीच्या जाळ्यात खरंच जास्त मासळी आली. झाडूभाऊ मिशीला पीळ देऊ लागला. दुसऱ्या दिवशी केवळरामने जाळ्यांच्या जागा बदलल्या. आता बिनचिंधीच्या जाळ्यात जास्त मासळी! गुण चिंधीचा नव्हता, त्या जागेचा होता. तिथे कमळाचे वेल होते आणि मासळी त्यांच्या आडोशाला यायची.

"जागा बदलल्याबिगर जाळ्याचं नाव घेऊ नोको," केवळराम म्हणाला आणि पुन्हा शिवू लागला.

मंगळवारी दुपारी कुंता क्लासात हजर! दुपारी एक ते पाच पोरांना सरावाला मोकळीक असे आणि सर घरी जेवून वामकुक्षी करत. यादीतून नाव गेलं होतं, क्लासातून नव्हे. कहकशाँ आणि जिशान, रहीमभाई टेलरची ही दोन लेकरं, आधीच तिथे बसली होती. कहकशाँ चौदाची, शांत, हातात कायम वही. जिशान बाराचा, आणि शांतपणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. खेळ सुरू करताना तो डावी चप्पल काढून ठेवायचा, पडद्याला तीनदा हात लावायचा आणि कोणी शिंकलं की बाग ताबडतोब सेव्ह करायचा. दोन नंबरचं मशीन 'लकी' आहे, त्यावर पाळणे टिकतात, ही बातमी क्लासभर त्यानेच पसरवली होती.

कुंताने बाबांची युक्ती सांगितली. अगदी सारख्या दोन बागा उभ्या करायच्या. एकीला पुस्तिकेप्रमाणे रंग, दुसरीला नाही. बाकी सगळं तंतोतंत तेच. एक नंबरच्या मशीनवर बिनरंगाची बाग लावली, दोन नंबरवर रंगाची, आणि तिघं पडद्यांना डोळे लावून बसले.

तासाभराने एक नंबरवरची बिनरंगाची चक्री धूर सोडून मोडली. दोन नंबरवरचे रंगवलेले पाळणे मजेत फिरत होते.

जिशानने खुर्चीतच उडी मारली. पुस्तिका बरोबर, मशीन लकी, दोन्ही एकदम सिद्ध! कुंता मात्र हिरमुसली. सर खरे, म्हणजे आपण खोटे? क्षणभर तिला वाटलं, गुपचूप उठावं आणि घरी जावं. पण केवळरामची लेक ती. तिने दोन्ही बागा पुसल्या आणि म्हणाली, "आता जागा बदलू."

पुन्हा एक तास. या वेळी रंगवलेली बाग एक नंबरवर होती आणि तीच मोडली. बिनरंगाची दोन नंबरवर हसत-खेळत चालू!

"बोला था ना मैं! मशीन लकी है!" जिशान ओरडला.

कहकशाँ दोन्ही पडद्यांच्या कोपऱ्यात वाकून पाहत होती. तिथे खेळातली तारीख बारीक अक्षरांत दिसते. मग तिने भावाची मानगूट धरून त्याला आधी एका आणि मग दुसऱ्या पडद्यासमोर नेलं. एक नंबरवर दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. दोन नंबरवर अजून पहिल्या वर्षाचा सप्टेंबरच चालू होता! बिचारं दोन नंबर जुनं होतं, संथ होतं. तिथे पाळणे टिकत होते कारण तिथे दिवसच कमी जात होते. ते बंद न करता तिघं तसेच बसून राहिले, आणि पाच वाजायला आले तेव्हा दोन नंबरवरही दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं नि चक्रीने धूर सोडला. रंग असो की नसो, पाळणा मोडायचा तेव्हा मोडतोच. नववं पान साफ चुकीचं होतं. जिशानने मुकाट्याने डावी चप्पल पायात घातली.

"पण मग तुझे काऊन नाई मोडले?" कहकशाँने विचारलं. "तू तर एक नंबरवरच खेळली होती."

खरा प्रश्न तो होता. बुधवारी कहकशाँने तिला नेहमीसारखं खेळायला बसवलं आणि स्वतः वही घेऊन मागे उभी राहिली. कुंताचा हात जिथे जिथे जाईल ते टिपायचं, एवढंच. अर्धं मिनिट झालं असेल. कुंताने एकामागून एक सहाही पाळणे थांबवले, थोड्या वेळाने पुन्हा चालू केले आणि खेळत राहिली.

कहकशाँने तिचा हात धरला. "आता काय केलंस?"

"कुठी काय केलं? पाळणे बंद केले. सोमवार होता ना."

"आज बुधवार आहे, कुंता."

"इथी नाई. खेळात." कुंताने तारखेकडे बोट दाखवलं. "बाजाराच्या दिवशी डोंगा पाण्यात घालत नाई. मंग पाळणा तरी कसा चालवायचा?"

तिला ते इतकं साधं वाटत होतं, की सरांना सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. श्वास घेतो हे कोणी सांगतं का? कहकशाँने पाळणे पुन्हा थांबवायला लावले आणि तिघांनी नाक पडद्याला टेकवलं. बागेत निळ्या टोपीचा एक इवलासा मिस्त्री असतो. एरवी तो झाडांमधून नुसता भटकतो आणि सगळे त्याला ऐतखाऊ समजतात. पाळणे थांबताच तो तुरुतुरु धावत आला, पाळण्यात शिरला आणि हातोडी चालवू लागला. चालत्या पाळण्यात त्याला शिरताच येत नव्हतं! सगळ्या जिल्ह्यातली पोरं पाळणा कधी थांबवत नव्हती, कारण तसं छापलेलं होतं.

कुंता पडद्याकडे बघत राहिली. चोरी नव्हती, चोरवाट नव्हती. तिच्या मोहल्ल्याची रीत होती ती.

आता सरांना पटवायचं कसं? सरळ सांगून उपयोग नव्हता, छापलेलं खोटं असतं का, असं म्हणून त्यांनी हाकलून दिलं असतं. डोकं चालवलं जिशानने. गुरुवारी त्याने गरीब गाईसारखा चेहरा करून सरांना विनंती केली, की स्पर्धेआधी एकदा तुम्ही स्वतः पुस्तिकेप्रमाणे खेळून दाखवा, आम्ही पाहून शिकू. सर फुलून गेले. नेमके त्याच वेळी रहीमभाई आणि केवळराम 'सहज' क्लासात येऊन बसले. त्यांना सहज कोणी आणलं, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

सरांनी ऐटीत खेळायला सुरुवात केली. दर महिन्याला रंग, पाळणे अखंड चालू. तासाभराने चक्रीने धूर सोडला, मग झोक्याने, मग मोठ्या पाळण्याने. हे मशीनच बिघडलंय, असं सर पुटपुटले.

कुंता पुढे झाली. "मंग याच मशीनवर मी बसते, सर. तुम्ही माझ्या हाताकडं पाहत राहा. चोरवाट दिसली तर सांगा."

सर तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि दोन तास त्यांनी तिच्या बोटांवरून नजर हटवली नाही. दर सोमवारी पाळणे थांबत होते, निळ्या टोपीचा मिस्त्री धावत होता. तीन वर्षं संपली तेव्हा सहाही पाळणे फिरत होते. मागे केवळराम मांडीवर हात ठेवून ताठ बसला होता.

मग सरांनी खरं ते सांगितलं. खेळाच्या खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका आली होती, तिचं भाषांतर त्यांनी एका संध्याकाळी घाईघाईने केलं. खेळ स्वतः शेवटपर्यंत कधी खेळलेच नाहीत. आणि तेवढ्या बळावर एका लेकराला चोर म्हणाले.

"माझं चुकलं, कुंता," ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि भिंतीवरच्या यादीत तिचं नाव लिहिलं, या वेळी सगळ्यात वर.

शुक्रवारी चंद्रपुरात सोमवार आला आणि सिंदेवाहीचे पाळणे थांबले, तेव्हा हॉलमधली पोरं खो-खो हसली. दुसरं वर्ष लागलं तेव्हा हसू थांबलं, कारण एकेका पडद्यावर धूर दिसू लागला. शेवटी एकच बाग चालू राहिली. परीक्षक वच्छला मॅडमनी कुंताला माईकपाशी बोलावून विचारलं, की ही शक्कल कुठून शिकलीस. कुंताने स्पष्ट आवाजात सांगितलं.

"आमच्या मोहल्ल्यात बाजाराच्या दिवशी डोंगे काठावर असतात. माझ्या बाबांनं शिकवलं."

मॅडमनी आधी टाळी वाजवली, मग सगळ्या हॉलने. त्या म्हणाल्या, की छापलेल्या शब्दाला प्रश्न विचारणारी पोरं या जिल्ह्यात आहेत, याचा मला अभिमान वाटतो. त्यावर ठवरे सर उठून उभे राहिले, नववं पान मीच चुकीचं लिहिलं होतं असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांनाही टाळ्या मिळाल्या. सोबत आलेल्या रहीमभाईंनी तिघांसाठी कपडे शिवायचं तिथल्या तिथे कबूल केलं. जिशानने लगेच खिशांची संख्या सांगितली.

पुढच्या सोमवारी कुंता तलावावर आली ती नवी पुस्तिका घेऊन. डोंगे पालथे पडले होते, जाळी वाळत होती. केवळरामला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने नववं पान मोठ्याने वाचून दाखवलं. 'आठवड्यातून एक दिवस सर्व पाळणे बंद ठेवावेत, म्हणजे मिस्त्रीला काम करता येते. ही पद्धत केवळराम, ढिवर मोहल्ला, सिंदेवाही यांच्याकडून कळली.' झाडूभाऊसकट सगळा मोहल्ला जमा झाला.

"माह्यं नाव कुठी हाय?" केवळरामने विचारलं.

कुंताने दाखवलं. त्याने हात धोतराला पुसले आणि त्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. पुस्तिका मोहल्लाभर फिरली, म्हाताऱ्यांनी ती उलटी धरूनही पाहिली. परत हातात आल्यावर केवळरामने ती लेकीला दिली.

"चांगलं लिवलं," तो म्हणाला. "पण खाली हे बी लिवाले सांग तुह्या सरले. वाचणाऱ्यानं आधी दोन बागा लावून पाहावं, अन् मंगच मानावं."