बाळा राणे उत्तीर्ण

खासगी गुप्तहेर अस्मिता गायकवाडच्या ऑफिसात येणारा प्रत्येक अशील रडतच येतो, कारण खाली मिरची कांडप आहे. श्रुतिका राणे मात्र कोरड्या डोळ्यांनी जिना चढून आली. तिचं रडून संपलं होतं.

"माझे बाबा गेले," ती म्हणाली. "भांडुपला, चाळीच्या गॅलरीत पडून. डोकं कठड्यावर आपटलं."

"कोणी ढकललं?" किरण तांबेने उत्साहाने विचारलं. किरण अस्मिताचा मदतनीस. आधी तो जिममध्ये ट्रेनर होता. जोर मोजताना चुकतो म्हणून त्याला काढून टाकलं होतं.

"कोणी नाही. आई म्हणते, सकाळी तिने गॅलरी धुतली, त्या पाण्यावर बाबा घसरले. 'मीच मारलंय तेका,' एवढंच बोलते. जेवत नाही. तुम्ही फक्त सिद्ध करा की आईचा दोष नाही."

"आणि असला तर?" अस्मिताने विचारलं.

"तरी सिद्ध करा."

अस्मिताने खिडकी लावली. मिरचीचा काही उपयोग नव्हता.

"बाबा विक्रोळीच्या एका संशोधन केंद्रात जायचे," श्रुतिका सांगू लागली. "म्हातारी माणसं कशी चालतात, तोल कसा सांभाळतात, ते मोजतात तिथे. मी बाबांना सांगून ठेवलं होतं, रिपोर्ट वाईट आला तर दोघांनी खोली बंद करायची आणि माझ्याकडे बोरिवलीला यायचं. त्यांनी तर बाबांना उत्तीर्ण केलं! गॅलरीत पकडायला दांडी बसवायला मी सुतार पाठवला, त्याला बाबांनी प्रमाणपत्र दाखवून परत धाडला. काठी भंगारात दिली. मग मी काय बोलणार?"

"माणूस कसा होता?"

"उंच. ढेरपोट्या. प्रचंड बडबड्या. रस्ता ओलांडताना गोष्ट आठवली तर मधेच उभे राहायचे. गोष्ट संपल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. रिक्षावाले आधी शिव्या द्यायचे, मग पुढे काय झालं ते विचारायचे."

ती हसली आणि तिला त्याची लाज वाटली.

केंद्र एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये होतं. आत एक आजी छताला पट्ट्यांनी टांगलेल्या अवस्थेत चालत होत्या. पडू नयेत म्हणून तशी सोय होती. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आपल्याला विकायला काढलंय असे भाव होते.

"राण्यांचं वाईट झालं," केंद्राचे डॉ. अनिरुद्ध म्हणाले. "ओली फरशी. तिथे पंचविशीचा माणूससुद्धा पडतो."

हे वाक्य त्यांनी नमस्कार करायच्या आधीच म्हटलं.

"चाल कशी मोजता?"

"कमरेला पट्टा. त्यातलं यंत्र प्रत्येक पाऊल आमच्याकडे पाठवतं. मी घरी फोन करतो, माणूस चालता चालता माझ्याशी बोलतो. बोलताना चाल किती बिघडते ते बघायचं. राणे अखंड बोलायचे आणि पाऊल एकदाही अडखळायचं नाही! छोटी, झपझप, नेमकी पावलं. पन्नाशीची चाल हो."

"इथे नाही चालवलं त्यांना?"

"पहिल्यांदा चालवलं. फार वाईट निकाल. पण इथे सगळेच बिचकतात. त्यांना बघा." त्यांनी टांगलेल्या आजींकडे बोट दाखवलं. "म्हणून आम्ही घरची चाल खरी मानतो."

किरणने टेबलावरचा पट्टा उचलून कमरेला लावून पाहिला. श्वास आत घेतला. आणखी घेतला. डोळे बाहेर आले, पण बक्कल काही लागेना.

"तुमच्या पेशंटना खायला देत जा," तो म्हणाला.

"तो राण्यांचाच आहे. त्यांनी परत केला तसाच ठेवलाय."

भिंतीवर उत्तीर्ण झालेल्यांचे फोटो होते. त्यात बाळा राणे प्रमाणपत्र घेऊन उभे होते. प्रमाणपत्र हातात धरायची गरजच नव्हती, ते पोटावर आरामात टेकलं होतं.

अस्मिताने पट्टा पिशवीत घातला. "डॉक्टर, चला भांडुपला."

"मी कशाला?"

"घरची चाल बघायला."

श्रुतिका चाळीच्या दारातच भेटली. वर शेजारचा राजेश गॅलरीत उभा होता. बाळा राणे पडले तेव्हा तो तिथेच होता.

"रविवार सकाळ. खाली हिची रिक्षा थांबली. काका बाहेर आले. एकदम ताठ, हात हलवत. मला म्हणाले, 'राजेश, चेडू इला माझा, आज मटण—' आणि मटणावरच गेले."

"चालता चालता बोलत होते?"

"तेच ना! एरवी बोलायचं तर थांबायचे. त्या दिवशी थांबलेच नाहीत यार."

"फरशी ओली होती?"

"काय माहीत. मी वैतागलेलो. शनिवार दुपारपासून नळाला थेंब नव्हता, पाइपलाइनचं काम. सगळ्या मुंबईचं पाणी इकडे साफ होतं आणि आपण पावडरने आंघोळ करायची."

किरण बाजूला सरकला तो राण्यांच्या दाराशी ठेवलेल्या निळ्या ड्रमवर आदळला. ड्रम ढोलासारखा वाजला. मागून एक काठी घरंगळत आली. तिच्या टोकाचं रबर नवं होतं, फक्त एका बाजूने जरा झिजलेलं.

"ही तर भंगारात दिली होती!" श्रुतिका म्हणाली.

आत रुक्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, काटकुळ्या. अस्मिता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. बाकीचे उभे राहिले, कारण खोलीत बसायला जागाच नव्हती.

"आजी, त्या दिवशी गॅलरी कशाने धुतलीत?"

"पाण्यान."

"नळ बंद होता."

"आदल्या दिसाचा बादलीभर व्हता."

"पाण्याची टंचाई, बोरिवलीहून लेक येणार, मटण करायचं. आणि होतं तेवढं पाणी तुम्ही फरशीवर ओतलंत?"

रुक्मिणीबाईंनी पदर नीट केला.

"म्हणजे आजी खोटं बोलतायत?" किरणने विचारलं. "स्वतःच्याच विरुद्ध? असं कोण करतं?"

"ज्याला त्याहून मोठं काहीतरी झाकायचंय तो." अस्मिताने पिशवीतून पट्टा काढला. "उभ्या राहा, आजी."

त्या राहिल्या. अस्मिताने पट्टा त्यांच्या कमरेला लावला. बक्कल जिथे होतं तिथेच, अलगद बसलं.

डॉ. अनिरुद्ध आधी पट्ट्याकडे बघत राहिले, मग आजींकडे, मग जमिनीकडे.

"बाळा राणे खुर्चीत बसून तुमच्याशी फोनवर बोलत होते, डॉक्टर. गॅलरीत येरझाऱ्या ह्या घालत होत्या. तोंड बंद ठेवून. मग पाऊल अडखळेल कशाला? उंच माणसाची पावलं छोटी कशी, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही."

"पण मी त्यावर निबंध वाचलाय," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "परिषदेत."

"तुमच्या निबंधातला सर्वांत तरतरीत पुरुष ह्या आजी आहेत."

"श्रुतिका, तुमचे बाबा रस्त्यात थांबायचे ते गोष्टीच्या प्रेमाने नाही. तोल जायला लागला की माणसाला चालण्याकडे लक्ष द्यावं लागतं. पाय आणि जीभ एकदम चालत नाहीत. म्हणून बोलायचं झालं की ते उभे राहायचे. ते त्यांना कळत होतं. काठी त्यांनी कधीच टाकली नाही. रबर बघा, रोज वापरायचे. तुम्ही येणार त्या दिवशी ती ड्रममागे जायची. त्या रविवारी तुम्ही खाली रिक्षातून उतरलात. ते वर काठीशिवाय चालले, चालता चालता मोठ्याने बोलले. तुम्हाला दिसावं म्हणून."

श्रुतिकाने दाराची चौकट धरली.

"पण कशासाठी? शाळेत होते का ते? नापास झाले असते तर काय बिघडणार होतं?"

अस्मिताने तोंड उघडलं. रुक्मिणीबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. नको.

आणि अस्मिताला, खरं तर उशिराच, समजलं की ही बाई उपाशी राहून कोणाला वाचवत होती. आयुष्यात पहिल्यांदा अस्मिता एका प्रश्नाचं उत्तर माहीत असून गप्प बसली.

"पाणी माझाच व्हता, बाय," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. "तसाच सांग. माका काय फरक पडना नाय."

"बोरिवली!" किरण ओरडला. अस्मिताच्या आधी त्याला काही सुचायची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्याचा चेहरा उजळला होता. "रिपोर्ट वाईट आला तर खोली बंद करून बोरिवलीला, असं ह्याच म्हणाल्या होत्या ना! म्हणून त्यांनी..."

मग त्यालाही कळलं. चेहरा मावळायला त्याला थोडा वेळ लागला. तसा त्याला सगळ्यालाच लागतो.

राजेशने गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. डॉक्टर त्याच्या मागोमाग निघाले, पण दार आधीच बंद झालं होतं. ते दाराकडे तोंड करून उभे राहिले.

श्रुतिका खाली बसली. रुक्मिणीबाईंनी कमरेचा पट्टा सोडला, बाजूला ठेवला आणि लेकीचं डोकं मांडीवर ओढलं.

"तो नापास झालो असतो तरी बोरिवलीक इलो नसतो," त्या म्हणाल्या. "हट्टी माणूस. तुझा आयकणारो व्हतो काय तो? मी संसार केलंय तेच्यावांगडा, माका म्हायत. तो हयसरच पडलो असतो. समाजला मगे, चेडवा?"

श्रुतिकाने मान डोलावली. मग तिला रडू आलं.

जिना उतरून खाली आल्यावर किरणने विचारलं, "मॅडम, आजी शेवटी खरं बोलल्या की खोटं?"

अस्मिताने हात दाखवून रिक्षा थांबवली.

"ते शोधायला मला कोणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "आणि तुलाही नाही."